तांदळातले कॅडमियम आणि मुळाचा दरवाजा

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तरेकडे अकिता नावाचा प्रांत आहे. थंडी भरपूर, बर्फ भरपूर आणि भातशेतीही भरपूर. तिथला ‘अकिता कोमाची’ हा तांदूळ जपानभर आवडीने खाल्ला जातो. हा वाण १९८४ साली आला आणि नवव्या शतकातल्या ओनो नो कोमाची या कवयित्रीचे नाव त्याला मिळाले. आपल्याकडे आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचे जे स्थान, तेच तिकडे याचे. २०२५च्या हंगामापासून अकिताच्या प्रांत सरकारने शेतकऱ्यांना या वाणाचे बियाणे पुरवणे बंद केले आणि त्याच्या जागी ‘अकिता कोमाची आर’ हा नवा वाण द्यायला सुरुवात केली. चव तीच, उंची तीच, उत्पन्न जवळपास तेच. फरक एवढाच की हे रोप जमिनीतले कॅडमियम जवळजवळ उचलतच नाही. पिशवीवर नाव मात्र पूर्वीचेच, ‘अकिता कोमाची’.

यावरून तिकडे गेली दोन-तीन वर्षे चांगलाच वाद चालू आहे. नव्या वाणाचा मूळ पूर्वज किरणोत्सर्गाचा मारा करून मिळवलेला आहे, ही गोष्ट अनेकांना खटकते. सेंद्रिय शेती करणारे अस्वस्थ आहेत. आपण कोणता तांदूळ खातो हे पिशवीवर दिसलेच पाहिजे, असे ग्राहक म्हणतात. सरकारचे म्हणणे असे की धोका जुन्या वाणात आहे, नव्यात नाही. दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे खरे आहे, आणि ते समजून घ्यायचे तर आधी साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतेच, ते वेगळे शोधावे लागत नाही. खाणीचे पाणी आणि गाळ नदीत, नदीचे पाणी खाचरात, आणि खाचरातले कॅडमियम भाताच्या दाण्यात, अशी ही साखळी अनेक वर्षे चालू राहिली. नदीकाठच्या गावांत बायकांना एक विचित्र आजार होऊ लागला. बहुतेकजणी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या. हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्यानेही बरगडी मोडे. रुग्ण सतत ‘इताइ, इताइ’ म्हणत, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. आजाराचे नावच ‘इताइ-इताइ’ पडले.

स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी या आजाराचा संबंध खाणीशी जोडला तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. अखेर १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हेच कारण असल्याचे मान्य केले. प्रदूषणामुळे होणारा रोग म्हणून सरकारने अधिकृतपणे मान्य केलेला हा जपानमधला पहिला आजार. रुग्णांनी कंपनीवर खटला भरला, १९७१ साली तो जिंकला आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयातही निकाल टिकला. नंतर ८०० हेक्टरांहून अधिक शेतजमिनीची दूषित माती बदलण्याचे, झाकण्याचे काम सुरू झाले, ते २०१२पर्यंत पुरले. तीस वर्षांहून अधिक! (त्याच कामिओकाच्या डोंगराच्या पोटात आज ‘सुपर कामिओकांडे’ ही न्यूट्रिनो शोधणारी जगप्रसिद्ध वेधशाळा आहे. एकाच खाणीने जपानला एक लाजिरवाणे प्रकरणही दिले आणि नोबेल पारितोषिकही.)

कॅडमियम शरीरात गेल्यावर काय करते? एकदम काहीच नाही, आणि तीच अडचण आहे. ते यकृत आणि मूत्रपिंडात साठत जाते. मूत्रपिंडातले निम्मे कॅडमियम बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणजे विशीत खाल्लेले पन्नाशीत अजून अंगात असते आणि रोज नवी भर पडत राहते. साठा वाढला की मूत्रपिंडातल्या बारीक नलिका खराब होतात, शरीराला हवी असलेली प्रथिने आणि खनिजे लघवीवाटे निघून जाऊ लागतात, मग हाडे मऊ पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कॅडमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तंबाखूच्या पानातही कॅडमियम साठते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या अंगात ते अधिक आढळते. धूम्रपान न करणाऱ्यांना ते मुख्यतः अन्नातून मिळते, आणि भातखाऊ देशांत त्यात भाताचा वाटा मोठा असतो.

आता थोडा हिशेब करू. अन्नातल्या विषारी पदार्थांचा विचार करणाऱ्या संयुक्त आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० साली कॅडमियमची मर्यादा ठरवली : शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. पन्नास किलो वजनाच्या बाईसाठी ही मर्यादा महिन्याला १२५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ४२ होते. सडलेल्या तांदळासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे किलोमागे ०.४ मिलिग्रॅम. समजा एखादी बाई दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाते आणि तो तांदूळ बरोबर या मानकाच्या काठावर आहे. तर तिच्या पोटात रोज १२० मायक्रोग्रॅम कॅडमियम जाईल, मर्यादेच्या जवळपास तिप्पट. बाजारातला बहुतेक तांदूळ या काठाच्या बराच खाली असतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ‘मानकात बसतो’ याचा अर्थ ‘कितीही खा’ असा होत नाही, हे या साध्या गुणाकारातून दिसते. जो देश दिवसातून एकदा वाटीभर भात खातो आणि जो देश तिन्ही त्रिकाळ भात खातो, त्या दोघांना एकच आकडा कसा पुरेल? चीनने आपल्यापुरती मर्यादा ०.२ ठेवली आहे. जपानने पूर्वीची १.० ची मर्यादा २०११मध्ये ०.४वर आणली.

चीनला हे कठोर मानक परवडत नाही हे २०१३ साली उघड झाले. ग्वांगजौ शहरातल्या अन्न खात्याने तपासलेल्या तांदळाच्या १८ नमुन्यांपैकी ८ नमुन्यांत कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बराचसा संशय हुनान प्रांताकडे गेला. हुनान हे भाताचे कोठार आणि धातूंच्या खाणींचेही. पुढच्या वर्षी चीन सरकारने देशभरच्या मातीची पाहणी प्रसिद्ध केली. तीत तपासलेल्या ठिकाणांपैकी ७ टक्के ठिकाणी कॅडमियम मर्यादेबाहेर होते. एवढ्या जमिनीची माती बदलणे कोणत्याच तिजोरीला झेपणारे नाही. म्हणून माती बदलता येत नसेल तर रोप बदलता येईल का, या प्रश्नाला तिथून जोर आला.

रोप कॅडमियम का घेते, हे पाहिले तर त्याला दोष देता येत नाही. रोपाला कॅडमियमचा काहीही उपयोग नाही. त्याला हवे असते मँगनीज, लोह, जस्त. या धातूंना मुळाच्या पेशीत घेण्यासाठी पेशींच्या आवरणात प्रथिनांचे दरवाजे असतात. कॅडमियम आकाराने आणि विद्युतभाराने या उपयोगी धातूंसारखेच असल्याने ते त्यांच्या रांगेत उभे राहून आत शिरते. भातात हा दरवाजा कोणता, हे २०१२ साली नक्की झाले. ओकायामा विद्यापीठातल्या जिआन फेंग मा यांच्या गटाने आणि जपानच्या कृषी-पर्यावरण संशोधकांच्या एका गटाने वेगवेगळ्या वाटांनी त्याच एका जनुकावर बोट ठेवले. त्याचे नाव ‘एनरॅम्प-५’. याने बनवलेले प्रथिन मुळाच्या ठरावीक थरांतल्या पेशींवर बसते. त्याचे खरे काम मँगनीज आत घेणे. कॅडमियम त्याच्या आडून येते.

या नावामागची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ‘एनरॅम्प’ या घराण्यातले पहिले जनुक भातात सापडले नाही, ते सापडले उंदराच्या रोगप्रतिकार पेशींत. जंतूंना लागणारा धातू त्यांच्यापासून ओढून घेण्याशी त्याचा संबंध होता. नंतर कळले की हे घराणे जीवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र पसरलेले आहे. आपल्या लहान आतड्यातून लोह रक्ताकडे नेणारे जे प्रथिन आहे, तेही याच घराण्यातले. आणि तेसुद्धा फसते! शरीरात लोह कमी पडले की आतडे हे दरवाजे वाढवते, जेणेकरून मिळेल तेवढे लोह आत यावे. मग लोहासोबत कॅडमियमही अधिक शोषले जाते. म्हणजे भाताच्या मुळाशी जी चूक होते, तीच आपल्या आतड्यात पुन्हा होते, एकाच घराण्यातल्या दोन भावंडांकडून.

तोयामातल्या रुग्णांत बायकाच इतक्या जास्त का होत्या, याचे निदान एक कारण इथे मिळते. बाळंतपणे, मासिक पाळी, अपुरे खाणे यांमुळे अंगात लोह कमी, आणि लोह कमी म्हणून कॅडमियमचे शोषण जास्त. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय असल्याचे आढळले. या बायकांच्या ताटातल्या तांदळात जेवढे कॅडमियम असेल, त्यातले अधिक त्यांच्या अंगात जाणार. पुरुष आणि बाई एकाच पातेल्यातला भात जेवली तरी धोका सारखा नसतो. भातातल्या कॅडमियमची चर्चा आपल्याकडे मुळात कमी होते, आणि झाली तरी ती शेतीच्या पानावर होते. पंडुरोगाची चर्चा आरोग्याच्या पानावर. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात असे मला वाटते.

आता ‘आर’ या वाणाकडे. जपानी शास्त्रज्ञांनी ‘कोशिहिकारी’ या प्रसिद्ध वाणाच्या बियांवर कार्बनच्या आयनांचा झोत सोडला. अशा माऱ्याने बियांच्या जनुकांत कुठे ना कुठे मोडतोड होते. कुठे होईल यावर ताबा नसतो. म्हणून मग हजारो रोपे वाढवून त्यांतले हवे ते रोप शोधत बसायचे. या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या पिढीतली अडीच हजारांहून अधिक रोपे कॅडमियमयुक्त मातीत वाढवली आणि तीन रोपे अशी मिळाली की ज्यांच्या दाण्यात कॅडमियम नावापुरतेच होते. त्याच मातीत मूळ कोशिहिकारीच्या दाण्यात किलोमागे सरासरी १.७३ मिलिग्रॅम कॅडमियम होते, तर या रोपांत ०.०५पेक्षाही कमी. तिन्हींमध्ये ‘एनरॅम्प-५’ निकामी झालेले निघाले. एकात जनुकाचे एकच अक्षर गळले होते, दुसऱ्यात एक उपरा तुकडा मध्येच घुसला होता, तिसऱ्यात मोठा भागच नाहीसा झाला होता. एक अक्षर गळालेल्या रोपापासून ‘कोशिहिकारी कान-१’ हा वाण तयार झाला. त्याचा अकिता कोमाचीशी संकर करून, येणारी संतती पुन्हा पुन्हा अकिता कोमाचीशीच जुळवत नेली, तेव्हा ‘अकिता कोमाची आर’ तयार झाला.

म्हणजे किरणांचा मारा झाला तो काही पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजावर, एकदाच. आज शेतात उभ्या असलेल्या रोपात किरणोत्सर्ग असण्याचा प्रश्न येत नाही. क्ष-किरण काढलेल्या माणसाचे नातू किरणोत्सर्गी होत नाहीत, तसेच हे. हा मार्ग महाराष्ट्रालाही नवा नाही. मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र गेली कित्येक दशके याच तत्त्वावर वाण तयार करत आले आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘टीएजी-२४’ भुईमूग वेगळा सांगायला नको. त्या नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा. त्या शेंगा आपण भाजून, उकडून, कुटून खात आलो, आणि त्यांचा वंश कुठल्या प्रयोगशाळेत सुरू झाला हे कुणी विचारले नाही. विचारले असते तर बिघडले नसते.

अकितातल्या वादात माझे मत इथे दोन ठिकाणी दोन दिशांना जाते. किरणोत्सर्गाची भीती मला पटत नाही. पण पिशवीवर जुनेच नाव छापण्याचा निर्णयही पटत नाही. लोक घाबरतील म्हणून वेगळे नाव द्यायचे नाही, हा विचार समजण्यासारखा आहे, पण त्याने भीती कमी होत नाही, उलट लपवाछपवीचा संशय वाढतो. ज्या देशात इताइ-इताइच्या रुग्णांना आपले म्हणणे सिद्ध करायला इतकी वर्षे लागली, तिथल्या लोकांनी ‘आम्ही सांगतो म्हणून सुरक्षित आहे’ हे सहज ऐकावे अशी अपेक्षा तरी कशी करायची? शिवाय शेतकऱ्यांचा एक वेगळा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. आमच्या खाचरात कॅडमियम नाहीच, तर आम्ही वाण का बदलायचा? जुने बियाणे बाहेरून आणायला बंदी नाही, पण प्रांताने ते पुरवणे थांबवले की लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने ते संपल्यासारखेच असते.

नव्या रोपाचा एक कमकुवतपणाही आहे आणि तो जनुकाच्या कामातूनच आलेला आहे. दरवाजा बंद केला की कॅडमियमबरोबर मँगनीजही बाहेर राहते. मँगनीज रोपाला लागते. ज्या मातीत ते भरपूर आहे तिथे अडत नाही, इतर वाटांनी थोडेफार मिळते. जिथे मातीतच मँगनीज कमी, तिथे रोप अशक्त होऊ शकते आणि भातावरच्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडू शकते. हा रोग किरकोळ नाही. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामात त्याने भाताचे मोठे नुकसान केले होते. दुष्काळाला युद्धकाळातली सरकारी धोरणे जास्त जबाबदार होती, पण रोगाचे नाव त्या इतिहासात आहे. तेव्हा हा वाण पेरताना मातीतले मँगनीज पाहणे, कमी असेल तर खतातून देणे, ही जास्तीची काळजी आली.

तरीही अकिता सरकारने हे पाऊल उचलले, त्यामागे पाण्याचा हिशेब आहे. आतापर्यंत कॅडमियम असलेल्या भागातले शेतकरी एक युक्ती करत आले : लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारास, आधी आणि नंतर काही आठवडे खाचरात पाणी सतत साठवून ठेवायचे. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसतो, कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि मुळाला मिळत नाही. युक्ती चांगली आहे, पण तिने दुसरे भूत बाटलीतून बाहेर येते. त्याच प्राणवायूविना मातीत लोहाच्या गंजाला चिकटून बसलेले आर्सेनिक सुटे होते आणि भात ते उचलतो. खाचर भरलेले ठेवले तर आर्सेनिक, सुकू दिले तर कॅडमियम. भातशेतीतला हा पेच जुना आहे. कॅडमियम न घेणारा वाण हाती असेल तर खाचर निर्धास्तपणे मधून मधून सुकवता येते आणि आर्सेनिकही कमी होते. पाणी वाचते. भरलेल्या खाचरातून निघणारा मिथेन वायूही घटतो.

हा मुद्दा थेट आपल्या दाराशी येतो. भारतात सध्या भाताला कमी पाणी देण्याचा आग्रह वाढतो आहे. खाचर आलटून पालटून भरा आणि सुकवा, चिखलणी न करता थेट पेरा, असे सल्ले दिले जातात. भूजलाची अवस्था पाहता ते योग्यच आहेत. पश्चिम बंगालमध्ये तर आर्सेनिकसाठीही ते उपकारक आहेत. तिथे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या मदतीने ‘मुक्तश्री’ हा आर्सेनिक कमी घेणारा तांदूळ तयार झाला आहे. पण खाचरे सुकू लागली की कॅडमियमची वाट मोकळी होते, हे या सल्ल्यांसोबत क्वचितच सांगितले जाते. सगळीकडे धोका आहे असे नाही. जिथे कारखान्यांचे किंवा शहराचे सांडपाणी शेतात येते, जिथे खाणींचा गाळ वाहून येतो, तिथे आधी माती आणि दाणा तपासला पाहिजे, मग पाणी तोडले पाहिजे. स्फुरदयुक्त खतांतूनही कॅडमियम थोडे थोडे येत असते, कारण ते ज्या खडकापासून बनते त्यात ते असते. युरोपीय संघाने २०२२पासून अशा खतांतल्या कॅडमियमवर मर्यादा घातली आहे.

इथे ‘सहनशील पीक’ या शब्दाबद्दल थोडे सावध व्हायला हवे. शेतीशास्त्रात एखादे पीक धातूला सहनशील आहे असे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की त्या मातीत ते तग धरते. कसे तग धरते, हे खाणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. ॲल्युमिनियमचे उदाहरण घ्या. आम्लधर्मी जमिनीत विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके जाळते. ब्राझीलमध्ये गव्हाला, ज्वारीला याचा फार त्रास होता. काही गव्हांची मुळे मॅलिक आम्ल बाहेर सोडतात आणि ॲल्युमिनियमला मातीतच जखडून टाकतात. त्यामागचे जनुक २००४ साली सापडले. ज्वारीची मुळे हेच काम सायट्रिक आम्लाने, म्हणजे लिंबातल्या आम्लाने करतात. ते जनुक २००७ साली ब्राझील आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून शोधले. या सहनशीलतेत धातू मुळाबाहेरच अडतो. रोपाचा फायदा आणि आपला फायदा एकच.

कॅडमियमचे तसे नाही. भाताचे रोप दाण्यात भरपूर कॅडमियम साठवूनही हिरवेगार, टवटवीत दिसू शकते. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, खाणाऱ्याला पाहून काहीच कळत नाही. तोयामातली खाचरेही काही वाळून गेली नव्हती. भातात ‘एचएमए-३’ नावाचे आणखी एक जनुक आहे. ते मुळात आलेले कॅडमियम मुळाच्याच पेशींतल्या कोठारात कोंडून ठेवते. ‘अंजना धान’ नावाच्या वाणात (नावावरून तो आपल्या उपखंडातला वाटतोच) या जनुकात बारीकसा बदल आहे, त्यामुळे कोठाराला कुलूप लागत नाही आणि कॅडमियम वर दाण्याकडे जाते. २०१० साली या वाणाचा जपानी वाणाशी संकर करूनच ते जनुक सापडले. पास्त्यासाठी लागणाऱ्या कठीण गव्हातही याच जनुकाचा भाऊ हेच काम करतो. कॅनडाने कमी कॅडमियमचे असे गहू पूर्वीच शेतात उतरवले, जनुकाचे नाव ठाऊक होण्याच्याही आधी.

चीनने या शर्यतीत वेगळी वाट धरली. जनुकसंपादनाच्या कात्रीने थेट ‘एनरॅम्प-५’च कापायचे. २०१७ साली हुनानमधल्या संशोधकांनी संकरित भाताच्या पालक वाणांत हे करून दाखवले. किरणांनी जे नशिबाने मिळाले ते इथे नेम धरून केले. परिणाम जवळपास सारखाच, एक निकामी जनुक. भारतात मे २०२५मध्ये ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस-१’ हे पहिले दोन जनुकसंपादित भाताचे वाण जाहीर झाले. त्यांचा धातूंशी संबंध नाही, पण कात्री तीच. परक्या सजीवाचे जनुक न घातलेल्या अशा वाणांना आपण २०२२मध्येच जनुकपरिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून वगळले आहे. उद्या कमी कॅडमियमचा तांदूळ इथे आला तर अकितातलेच प्रश्न विचारले जातील : पिशवीवर काय लिहायचे, जुने बियाणे मिळत राहणार का, बियाण्यावर हक्क कुणाचा.

आणि एक प्रश्न जो वाणांच्या चर्चेत हमखास हरवतो. रोपाने कॅडमियम घेतले नाही म्हणून ते मातीतून जात नाही. ते तिथेच राहते. तोयामात माती बदलण्याचा खर्च मुख्यत्वे प्रदूषण करणाऱ्यांकडून आणि सरकारकडून आला. न घेणारा वाण आला की माती साफ करण्याची घाई कुणालाच राहत नाही, आणि जबाबदारी खाणीकडून शेतकऱ्याच्या बियाण्याकडे सरकते. वाण हवा, पण माती तपासण्याऐवजी नको.

या सगळ्यात मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट मात्र प्रयोगशाळेत तयार झालेली नाही. २०२२ साली चिनी आणि जपानी शास्त्रज्ञांनी जुन्या, पारंपरिक भातांत कॅडमियम कमी असणारे वाण शोधले. त्यांना एक सापडला तो केरळचा ‘पोक्काली’. एर्नाकुलमच्या आसपासच्या खाऱ्या, भरतीच्या पाण्याच्या शेतांत पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी, अशी ही शेती शतकानुशतके चालत आली आहे. पोक्काली क्षार सहन करतो हे सगळ्यांना माहीत होते. पण त्याच्या दाण्यात कॅडमियम कमी का? तपासले तर त्याच्यात ‘एनरॅम्प-५’ बंद नाही, उलट या जनुकाच्या एकाला लागून एक अशा दोन प्रती आहेत! दरवाजे कमी नाहीत, जास्त आहेत. मुळाच्या पेशींत मँगनीज आणि कॅडमियम दोन्ही जास्त येतात. पण मँगनीज इतके जास्त येते की मुळातून वर जाणाऱ्या नळ्यांत चढताना ते कॅडमियमला मागे रेटते. दाण्यापर्यंत पोहोचते ते थोडे. संशोधकांनी पोक्कालीचा हा जोड-जनुकाचा भाग साध्या संकराने कोशिहिकारीत आणला, तेव्हा कॅडमियम घटले, आणि उत्पन्न किंवा चव बिघडली नाही. मँगनीज कमी पडण्याची चिंताही नाही. किरण नाहीत, कात्री नाही, फक्त जुना संकर.

पोक्कालीखालचे क्षेत्र मात्र वर्षानुवर्षे आटत चालले आहे. मजुरी परवडत नाही, कोळंबीत जास्त पैसे मिळतात. आपल्याकडे कोकणातल्या खाजण जमिनींत आणि गोव्याच्या खाजणांत ‘कोरगुट’सारखे क्षार सोसणारे जुने भात अजून थोडे शिल्लक आहेत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशाच जमिनींसाठी वाणही दिले आहेत. यांतल्या कुणात ‘एनरॅम्प-५’च्या किती प्रती आहेत हे मोजणे आजच्या काळात फार खर्चाचे काम नाही. पानाचा एक तुकडा, एक साधी जनुकचाचणी आणि एखादा पदव्युत्तर विद्यार्थी, एवढ्यात होण्यासारखे आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठात असा एखादा प्रबंध निघाला तर तो वाचायला मला आवडेल.